कुंपणाचे टाके

१२ फेब्रुवारी

वन्सं,

सा. न. वि. वि. वगैरे तुम्हीच मनातल्या मनात म्हणून घ्या, माझ्या हातून आत्ता ते लिहवत नाहीये. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

तुमचा निरोप लेकीकडून मिळाला. वहिनी दादाशी बोलू देत नाहीत, हा काय प्रकार आहे, असं तुम्ही तिला विचारलंत. प्रकार सांगते. गेल्या वेळी तुमचा फोन आला तेव्हा मी मुकाट्यानं तो ह्यांच्या कानाला लावला. तुम्ही तिकडून "दादा, बोल ना, एक शब्द बोल" असं लावून धरलंत. इकडे ह्यांचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड उघडं आणि शब्द एक नाही. शेवटी फोन भिंतीवर आपटला. त्या दिवशी जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुम्ही सातासमुद्रापलीकडे, तुम्हाला ते दिसलं नाही. मला दिसलं, म्हणून मी फोन बंद केला.

क्रेनला खुणा करून ओझी सुखरूप उतरवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तोच माणूस पाइपांच्या ढिगावरून घसरतो आणि डाव्या कानाच्या वर मार खातो, ह्याला काय म्हणावं? डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं की ह्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ते परत येऊ शकतात, पण पहिले काही महिने मोलाचे, ह्या काळात जे येतील ते आपले. हे मला माहीत नाही असं समजू नका. मी रोज तेच घोकते.

अपघातानंतर तुम्ही येऊन चार दिवस राहिलात आणि जाताना दारात म्हणालात, "वहिनी, तुम्ही त्याच्या तोंडातून शब्द काढून घेता." मी तेव्हा जे बोलले ते बोलले. तुमची बॅगही मी उचलू लागले नाही. पण वन्सं, घर कसं चाललंय ते एकदा बघायला हवं होतं तुम्ही.

ह्यांचा उजवा हात अजून लुळा आहे, पण डावा चालतो. वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाशी खालून हातांनी बोलण्याची ज्याला सवय, त्याला एक हात पुष्कळ झाला. बोट वर करून गोल फिरवलं की "उचला", म्हणजे मला उठवा. बोट जमिनीकडे फिरवलं की "उतरवा", म्हणजे निजायचंय. तळवा आडवा पसरला की "थांबा", म्हणजे आता वाढू नकोस. मूठ पोटाशी घट्ट धरली की "सगळं आहे तिथं राहू द्या", म्हणजे मला छळू नका. लेक कॉलेजातून आली की तीसुद्धा हातानंच विचारते, काय चाललंय. क्रेनवाले भाऊजी, तेच ते केबिनमधले, रोज संध्याकाळी येतात. दोघं तासन् तास हातवारे करतात आणि मधेच खो खो हसतात. परवा मी विचारलं, एवढा कसला विनोद? तर भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्हाला सांगण्यासारखा नाही.

आम्ही इतके तरबेज झालोय की ह्यांचं बोट उठायच्या आत पेला पुढे येतो. घरात आदळआपट नाही, रडारड नाही. मला ह्याचा अभिमान आहे, लपवत नाही.

एकच चुकल्यासारखं वाटतं. इतका संसार झाला, पण ह्या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नाही. अंगणातून असो, दवाखान्यातून असो, नुसतं "अगं". मी किती भांडले असेन! माझ्या आईबापांनी हौसेनं नाव ठेवलंय, ते काय नुसतं कागदावर घालायला? आता तेही गेलं. हवी असले की टेबलावर टिचकी मारतात.

फोनचा आग्रह धरू नका. पत्र पाठवा, मी वाचून दाखवीन.

रागावलेली, पण तुमचीच,
वहिनी

५ मार्च

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. उघडायच्या आधी मी पाणी पिऊन घेतलं, म्हटलं आता आपली धडगत नाही. आत निघालं चित्र.

लेकीनं तुमचं लिखाण मला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही शास्त्रज्ञ माणसं एका वाक्यात चार वाक्यं कोंबता. इतकी वर्षं तुम्ही "मेंदूवर काम करते" एवढंच सांगायचात आणि आम्ही माना डोलवायचो. नेमकं काय ते आज कळलं. मला वाटायचं की मेंदू म्हणजे सगळ्या विचार करणाऱ्या, हुकूम सोडणाऱ्या पेशी. तर तुम्ही म्हणता, त्यांच्या जोडीला आधार देणाऱ्याही खंडीभर असतात. ह्यांना खाऊपिऊ घाला, सांडलेलं पुसा, जागच्या जागी धरून ठेवा, ही सगळी कामं त्यांची. आणि तुमच्या लोकांनी कित्येक वर्षं त्यांना नुसता डिंक समजून बाजूला सारलं. मी लेकीला म्हटलं, ह्या बहुतेक बायका असणार.

पुढचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. डोक्याला मार लागला की आधी बारक्या सफाईवाल्या पेशी धावत येतात आणि मोडलेलं, मेलेलं गिळून टाकतात. मग ह्या चांदण्यांसारख्या पेशी फुगतात, हात लांबवतात आणि जखमेभोवती दाटीनं उभ्या राहतात, आतली आग बाहेर पसरू देत नाहीत. तुमच्या चित्रात तेच आहे, उंदराच्या मेंदूचा काप, मधे काळं भोक आणि भोवती हिरव्या चांदण्या. तुम्ही लिहिलंय की काही उंदरांत ही भिंत उठूच दिली नाही, तर जखम पसरली आणि होतं तेही गेलं. ह्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारलीत. ती माझ्यासाठी मारलीत, हे मला समजलं. बरं वाटलं, वन्सं. त्या दिवशी दारात तुम्ही एवढं म्हणाला असतात तर बॅग मी स्टॉपपर्यंत आणली असती.

आणि त्याच्या पुढचंही वाचलं. जखम थंड झाली तरी ती भिंत तशीच राहते, कडक होते. मेंदूतले धागे परत वाढून पलीकडे जाऊ बघतात, ते तिथं येऊन अडतात. मग लगेच तुम्ही लिहिता, "ही पेशींची गोष्ट आहे, वहिनी, माणसांची नाही. दादाच्या डोक्यात काय चाललंय ते मला इथून सांगता येणार नाही." इतकं जपून लिहिलंत की मला तुमची दयाच आली. एवढी मी खाष्ट आहे होय?

ते चित्र मी दुकानात नेलं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत माझं रफूचं टेबल आहे, तिथं भिंतीला लावलं. मालक म्हणाले, हे कसलं कापड? मी म्हटलं, भारी आहे, तुमच्याकडे येणार नाही.

पण खरंच सांगते, बघताक्षणी मला ते माझंच काम वाटलं. कोटाला भोक पडलं की मी आधी त्याच्याभोवती धावदोरा घालते. त्याला मी कुंपणाचे टाके म्हणते. ते नसले तर मी भरत असतानाच भोक उसवत जातं. मग उभे धागे, आडवे धागे, सावकाश. आणि भरून झालं की कुंपणाचा दोरा ओढून काढायचा. तो राहिला तर तेवढी जागा आखडते, कापड चुरगळल्यासारखं दिसतं. नवी होते तेव्हा माझ्याकडून दोन-तीनदा राहिला होता, गिऱ्हाइकानं कोट तोंडावर फेकला.

तेव्हा दोरा काढायचा असतो हे मला कुणी शिकवायला नको. पण भोक भरलं की नाही ते मी ठरवणार. रोज समोर मी बसते, तुम्ही नाही.

दादा माझी आठवण काढतो का, असं विचारलंत. काढतात. कशी, ते परत कधीतरी लिहीन. आता भाजी करपेल.

वहिनी

२४ मार्च

वन्सं,

आज मी फार रडले. आधी तुम्हालाच लिहावंसं वाटलं, ह्याचं मलाही नवल वाटतंय.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही आठवड्यातून एकदा जातो. छोटीशी खोली, एक टेबल, त्यावर चित्रांचे पत्ते. बाई एकेक पत्ता दाखवतात आणि हे काय, म्हणून विचारतात. मी नेहमी ह्यांच्या शेजारी बसते. आज बाईंनी पेल्याचं चित्र दाखवलं. ह्यांनी अंगठा तोंडाकडे नेला आणि मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून हातात दिली. झाकणही उघडून दिलं. हे प्यायले, बाईंकडे बघून हसले. पाठ कसा छान झाला, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला राग आला, का येऊ नये? मी बाहेर आले, पण दाराला काच आहे, तिथं नाक लावून उभी राहिले. बाईंनी परत तोच पत्ता दाखवला. ह्यांनी अंगठा तोंडाकडे नेला. बाई ढिम्म. ह्यांनी परत नेला. बाई आपल्या शांतपणे पत्ता धरून. मग हे इकडेतिकडे बघायला लागले. मला शोधत होते, वन्सं. चेहरा लाल झाला, त्या फोनच्या वेळेसारखा. ओठ मिटले, उघडले, परत मिटले. आणि माझ्यानं बघवेना, मी दार ढकलून आत गेले, "पाणी हवंय त्यांना, दिसत नाही का तुम्हाला?" असं ओरडले आणि बाटली पुढे केली.

बाईंनी पत्ता खाली ठेवला. म्हणाल्या, "आत्ता 'पा' आला होता."

मी ऐकला नाही. ह्यांच्या अपघातापासूनचा पहिला अक्षरभर आवाज, आणि माझ्या आरडाओरड्यात गेला. मी तिथंच स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखी रडले. हे घाबरले, एका हातानं माझी पाठ थोपटायला लागले.

मला वाटलं, बाई आता मला चांगलं फैलावर घेणार. पण त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून हे इथवर सावरले. पहिल्या महिन्यांत कुणी खुणा समजून घेतल्या नसत्या तर हे खचले असते. पण आता ह्यांना शब्दाची गरजच उरली नाहीये. तुम्ही सगळे फार हुशार आहात." मग त्यांनी समजावून सांगितलं. एकदम सगळं काढायचं नाही. दुपारचा थोडा वेळ ठरवायचा. त्या वेळात हात दिसला तरी दिसला नाही असं करायचं, आणि शब्द यायला लागला की वाट बघायची, आपण पुढे करायचा नाही. भाऊजींनाही सांगा म्हणाल्या. भाऊजी बिचारे आज संध्याकाळी आले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तोंडानं काय बोलायचं ते त्यांनाही सुचेना. लवकरच उठून गेले.

बाईंच्या खोलीतून निघाले तेव्हा मला तुमच्या हिरव्या चांदण्याच डोळ्यांसमोर दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, माणसांची गोष्ट नाही. असेल. मला ती माझी वाटली.

आता ते राहिलेलं सांगते. हे तुमची आठवण कशी काढतात ते. मुठीची पुंगी करून तोंडाशी धरतात. भोपू. लहानपणी तुम्ही रडायला लागलात की गल्ली जागी व्हायची, म्हणून तुमचं नाव भोपू ठेवलं होतं ना ह्यांनी? तीच खूण. रोज करतात. आणि मी रोज सांगते, ती कामात आहे. तुमचं एकही पत्र मी ह्यांना वाचून दाखवलेलं नाही. तुमचं नाव निघालं की हे परत शब्दांमागे धावतील आणि परत तसेच भिंतीकडे तोंड करून पडतील, ह्या भीतीनं मी गप्प बसले. आज सकाळीसुद्धा पुंगी झाली. आज सकाळीसुद्धा मी म्हटलं, कामात आहे.

तुमच्यावर मी अन्याय करतेय, हे मला कळतंय. पण मला तो लाल चेहरा परत बघायचा नाही, हेही तितकंच खरं आहे. काय करू ते तुम्हीच सांगा.

वहिनी

२ एप्रिल

वन्सं,

तुमचं उत्तर यायच्या आतच मी ठरवलं, मग तुमचं उत्तर आलं. आपलं दोघींचं एकमत झालं, हे घरात कुणाला सांगू नका.

पंधरा तारखेला, रविवारी दुपारी जेवणं आटोपली की फोन करा. साधा फोन. चित्रवाला नको, त्यात हे हात दाखवतील. डावा हात फोन धरण्यात गुंतलेला आणि उजवा उचलत नाही, म्हणजे खूण करायला हातच उरला नाही. तुम्हाला क्रेनच्या खुणा येतही नाहीत. घरात एवढी माणसं, पण ज्या माणसाशी बोलायला शब्दच लागेल असं एकच आहे, आणि नेमकं तेच मी बंद करून ठेवलं होतं.

एक विनंती. "बोल ना, बोल ना" करू नका. तुमचंच काहीतरी सांगत राहा. उंदरांचं सांगा, हवेचं सांगा, मधेच थांबा. थांबल्यावर भीती वाटेल, पण भरायला जाऊ नका.

मी खोलीत नसेन. लेकीला सांगून ठेवलंय, मी आत धावले तर मला धरायचं.

ह्यांना मी काल तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले होते. मग मूठ पोटाशी धरली. सगळं आहे तिथं राहू द्या.

वहिनी

१९ एप्रिल

वन्सं,

फोनवर काय झालं ते मला सांगू नका. ह्यांना सांगायचं तेव्हा हे सांगतील. मी फक्त दाराबाहेरचं लिहिते.

फोन वाजला तेव्हा मी तो ह्यांच्या हातात दिला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. दुकानातला एक कोट मांडीवर घेतला होता, बाहीला कसरीनं खाल्लेलं भोक. लेक माझ्या वरच्या पायरीवर, तिचा हात माझ्या खांद्यावर. प्रेमानं नाही, पहाऱ्याला. आतून काही ऐकू येईना. मी एक टाका घातला, तो चुकला, उसवला, परत घातला. मग फोन पडल्यासारखा आवाज झाला आणि मी उठलेच. लेकीनं मला खाली बसवलं. बस म्हणजे बस. माझीच पोरगी, माझाच आवाज! नंतर कळलं, कोपर लागून पाण्याचा पेला पडला होता.

मग आवाज आला. घोगरा, अडखळत, गंजलेली कडी सरकवावी तसा. शब्द कळला नाही, पण तो ह्यांचा आवाज होता. मी कोटात तोंड खुपसलं. गिऱ्हाईक काय म्हणेल ते म्हणो. थोड्या वेळानं आतून तुमच्या रडण्याचा आवाज आला. इतक्या लांबून, त्या एवढ्याशा फोनमधून, बंद दारातून! भोपू नाव काही उगाच ठेवलेलं नव्हतं.

आत गेले तेव्हा हे पाण्यात पाय ठेवून बसले होते, फोन मांडीवर, चेहरा ओला. लेकीनं विचारलं, आत्याला काय म्हणालात? हे नुसते हसले. मला, खरं सांगायचं तर, वाईट वाटलं. एवढं उठवलं, बसवलं, भरवलं मी, आणि पहिला शब्द गेला सातासमुद्रापलीकडे. पाणी पुसता पुसता तुमचा मत्सर केला मी, चांगला पोटभर. मग संपला.

तुम्ही आता रोज फोन करताय, तर पुढचं रोज थोडं थोडं तुम्हालाही ऐकू येत असेल. पण कालचं तुम्हाला माहीत नाही, त्यासाठी हे पत्र.

काल दुपारी मी ओट्यापाशी भांडी घासत होते, पाठ ह्यांच्याकडे. तो आमचा ठरलेला, हात न बघण्याचा वेळ. समोर घासलेलं पातेलं पालथं होतं, त्यात मागची खोली दिसते, वाकडीतिकडी. त्यात मला दिसलं की ह्यांचं बोट वर गेलं आणि गोल फिरलं. मी दिसलं नाही असं केलं. ते परत फिरलं. मग टेबलावर टिचकी. मी घासतच राहिले. वन्सं, एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. हात साबणात आणि पाय आपोआप वळायला बघतायत, मी बोटं जमिनीत रोवून उभी राहिले. परत टिचकी, जोरात. मग खुर्ची करकरली. मला वाटलं, आता हे रागावणार, आता भिंतीकडे तोंड करणार, आणि ह्या वेळी त्याचं कारण मी असणार. मी मनात म्हटलं, आणखी एक टिचकी वाजली तर वळते, गेलं सगळं खड्ड्यात.

टिचकी वाजली नाही. आणि मग मागून आलं,

"अगं."

मी वळले नाही. माझ्या हातातून पेला निसटला, नळ वाहत राहिला. मी विचारलं, "काय?"

आणि ह्यांनी परत म्हटलं, "अगं."

मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून, आणि परत विचारलं, "काय?"

वहिनी